हद्दीबाहेरची वणी

यवतमाळहून वणीला जाणारी एसटी करंजीला अर्धी रिकामी होते आणि लगेच पुन्हा भरते. उतरतात ते पांढरकवड्याकडचे, चढतात ते मारेगाव-वणीचे. तोवर जोडमोहा, मोहदा करत बस सागाच्या रानातून वळणं घेत आलेली असते. करंजीनंतर रस्ता रुंद होतो, सरळ होतो, आणि थोड्याच वेळात समोरून कोळशाच्या हायवा ट्रकांची रांग सुरू होते. वरून ताडपत्री बांधलेली, तरी मागून काळी भुकटी सांडत जाणारी. लहानपणी आत्याकडे जाताना या रस्त्यावर मला कापसाच्या बंड्या दिसायच्या. बंडीवरचा माणूस झोपलेला असायचा आणि बैल आपले आपण बाजाराकडे चाललेले असायचे. आता मारेगाव मागं पडलं की बसमधली जुनी मंडळी न बोलता खिडक्या लावून घेतात. वणी जवळ आली.

यवतमाळ ते वणी सुमारे 110 किलोमीटर. वणीहून चंद्रपूर त्याच्या निम्म्यावर. या एका हिशेबात वणीचं निम्मं चरित्र येतं. जातीचा दाखला, जिल्हा परिषद, कलेक्टर कचेरी या कामांसाठी वणीकराला यवतमाळ गाठावं लागतं, आणि ‘यवतमाळले जाच्यं हाय’ म्हणताना त्याचा चेहरा एक दिवस बुडाल्याचा असतो. चंद्रपूरला तो सकाळी जाऊन जेवायला घरी येतो. टिळक चौकात उभं राहून नंबरप्लेटी वाचाव्यात: एमएच 29 घरचा, पण त्याच्या बरोबरीनं एमएच 34 चंद्रपूरचा, आणि नागपूरचे 31, 40, 49 अधूनमधून. विधानसभेचा वणी मतदारसंघ लोकसभेला चंद्रपुरात मोडतो. म्हणजे पालकमंत्री यवतमाळचा आणि खासदार चंद्रपूरचा. दोघांकडे अर्ज द्यायची सोय आहे, असं एक वणीकर मला म्हणाला होता. दोघंही दुसऱ्याकडे बोट दाखवू शकतात, हेही त्यानंच सांगितलं.

गंमत अशी की हा अख्खा जिल्हा एकेकाळी वणीच्या नावानं चालायचा. निजामानं 1853 साली वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिलं, 1864 साली त्यातला आग्नेयेकडचा भाग वेगळा जिल्हा झाला, आणि पुढं त्याचं नाव पडलं ‘वून’. साहेबाच्या जिभेवर वणीचं झालं ते वून. पण कचेरी बसली यवतमाळात. पुसद तालुका 1905 साली वाशीमकडून इकडे आला, जिल्हा मोठा झाला, आणि नावही यवतमाळ झालं. चाळीसएक वर्षं नाव वणीचं आणि दप्तर दुसऱ्याचं, नंतर नावही गेलं. अधूनमधून ‘वणी जिल्हा झालाच पाहिजे’ अशी मागणी निघते, तेव्हा ती करणाऱ्यांतल्या फार थोड्यांना ठाऊक असतं की जिल्हा झाला होता, आणि आपल्याला न विचारता उठलाही होता.

कोपऱ्यातलं गाव असल्याचा हा परिणाम असावा. पूर्वेला वर्धा नदी, दक्षिणेला पैनगंगा, आणि जुगादजवळ दोघींचा संगम. आज वर्धेपलीकडे चंद्रपूर जिल्हा लागतो, पण दीडशे वर्षांपूर्वी या दोन पाण्यांवर तीन राज्यं टेकलेली होती: अलीकडे वऱ्हाड, वर्धेपलीकडे नागपूरकर भोसल्यांकडून इंग्रजांकडे गेलेला मुलूख, पैनगंगेपलीकडे निजामाचं आदिलाबाद. त्यामुळे वणीची बोली वऱ्हाडी असली तरी तिचे काठ ओले आहेत. बाजारात तेलुगू कानावर पडते, राजूर कॉलरीकडे गेलं की छत्तीसगडी आणि बिहारी हिंदी, रानाकडच्या गावांत कोलामी आणि गोंडी. ‘शुद्ध’ वऱ्हाडी ऐकायची असेल त्यानं अकोल्याकडे जावं.

वणीची मोठी माणसंही दुसऱ्या गावाच्या खात्यावर जमा आहेत. लोकनायक बापूजी अणे 29 ऑगस्ट 1880 रोजी वणीत जन्मले, पण वकिली यवतमाळात, जंगल सत्याग्रह पुसदला, राज्यपालपद बिहारला, खासदारकी नागपूरची. लोक त्यांना यवतमाळचे म्हणतात. राम शेवाळकर अचलपूरचे, शेवटी नागपूरकर झाले. मधली उमेदीची वर्षं ते वणीच्या लोकमान्य टिळक महाविद्यालयाचे प्राचार्य होते. त्यांच्यामुळे एका तालुक्याच्या गावातल्या साध्या दुकानदारांना रामायण-महाभारतावरची उत्तम व्याख्यानं घरबसल्या ऐकायची सवय लागली. ही सवय वाईट. आजही वणीच्या सभागृहात वक्ता थोडा पातळ निघाला की मागच्या रांगा शांतपणे उठून जातात.

आता वाढीबद्दल. जनगणनेचं पुस्तक उघडलं तर 2011 साली वणी नगरपरिषदेची लोकसंख्या 58,840. चंद्रपूरची तेव्हा 3,20,379. दहा वर्षांत वणीत भर पडली ती जेमतेम काही हजारांची. हा आकडा बघून कोणी म्हणेल, कसली वाढ? आकडा खरा आहे. फक्त तो रेल्वे फाटकाच्या अलीकडचा आहे.

यवतमाळकडून येताना वणीच्या आधी चिखलगाव लागतं. इतर गावं लागतात तसं ते मध्ये शेतं सोडून लागत नाही. घराला घर लागून, दुकानाला दुकान लागून. कुठल्या क्षणी चिखलगाव संपून वणी सुरू झाली ते रिक्षावाल्यालाही सांगता येत नाही, फाटक पडलं तरच कळतं. तसंच गणेशपूरचं, तसंच लालगुड्याचं. नांदेपेरा रोडला, वरोरा रोडला, जिथं मी तुरी उभ्या पाहिल्या तिथं आता ले-आऊट आहेत. ले-आऊट हा विदर्भात एक स्वतंत्र वस्तीप्रकार आहे. शेतात चुन्यानं रेघा मारायच्या, तीस बाय चाळीसचे चौकोन पाडायचे, मध्ये मुरमाचा रस्ता, कोपऱ्यात ‘ओपन स्पेस’ नावाचा गवताचा तुकडा, आणि प्रवेशाला कमान. कमान आधी उभी राहते, नाली सगळ्यात शेवटी. इथल्या रहिवाशाचं काम वणीत, मुलांची शाळा वणीत, डॉक्टर वणीत, कर ग्रामपंचायतीला आणि मतही ग्रामपंचायतीला. नगरपरिषदेच्या लेखी तो माणूस वणीत नाहीच. शहर वाढलं खरं, पण स्वतःच्या वहीत वाढलं नाही.

पैसा कुठून आला हे वणीत कोणाला विचारावं लागत नाही. रात्री ब्लास्टिंग झालं की काचा थरथरतात, तेच उत्तर. राजूरची कॉलरी जुनी, तिथल्या चुन्याच्या भट्ट्याही जुन्या; या मातीखाली एका अंगाला कोळसा आणि दुसऱ्या अंगाला चुनखडी आहे. पण खाणींचं राष्ट्रीयीकरण 1973 मध्ये झालं, 1975 मध्ये नागपूरला मुख्यालय असलेली वेस्टर्न कोलफील्ड्स निघाली, जिला आमच्याकडे सगळे वेकोलि म्हणतात, आणि मग उघड्या खदानींचं युग आलं. उकणी, नीलजई, जुनाड, मुंगोली, कोलारपिंपरी, पिंपळगाव. ही नावं आधी गावांची होती. आता ती ऐकली की डोळ्यांसमोर खड्डा येतो. भालरला वसाहत झाली, लालपुलियाला कोळशाचे डेपो लागले, डेपोंच्या मागं वजनकाटे, टायरची दुकानं, ढाबे, स्पेअर पार्ट, आणि या सगळ्यांना राहायला ले-आऊट. अलीकडे मुकुटबनला सिमेंटचा मोठा कारखाना आला, त्याचीही माणसं घर वणीतच शोधतात. कोळसा वीज केंद्रांकडे जातो. एकट्या चंद्रपूरच्या केंद्राची क्षमता 2,920 मेगावॅट आहे. हिशेबाच्या वह्या नागपूरला, वीज महाराष्ट्रभर, आणि धूळ इथं.

धुळीबद्दल बाहेरच्याला एक गोष्ट सांगितली पाहिजे. खदानीच्या रस्त्याला लागून ज्याचं वावर आहे, त्याचा कापूस बोंडातच राखाडी पडतो. असा कापूस बाजारात नेला की व्यापारी मुठीत घेऊन चोळतो, बोटं बघतो, आणि भाव पाडतो. वृत्तपत्रवाले या भागाला काळ्या आणि पांढऱ्या सोन्याचा म्हणतात. लिहायला बरं वाटतं. मीही तरुणपणी लिहिलं होतं. दोन्ही सोनी एकाच वावरात आली की काय होतं ते त्या शेतकऱ्याच्या मुठीत दिसतं.

आता आत्याबद्दल.

आत्याचं सासर वणी तालुक्यातलं एक लहान गाव. नाव सांगत नाही. सांगूनही उपयोग नाही, तिथं जाता येणार नाही. पंधराएक वर्षांपूर्वी ते खदानीत गेलं. कोळशासाठी जमीन घ्यायचा कायदा वेगळा आहे, 1957 चा, आणि ठोकताळा असा की दोन एकरामागं घरातल्या एकाला नोकरी. आत्याकडे पाच एकर होती आणि मुलगे तीन. पाचाला दोनानं भागलं की दोन नोकऱ्या येतात आणि एक एकर उरतं. त्या उरलेल्या एकरानं घराचे तुकडे केले. थोरल्याला आणि मधल्याला नोकरी लागली, धाकट्याच्या वाट्याला पैसे आले. नोकरीवाल्यांचे पगार दरवर्षी वाढत गेले, धाकट्यानं पैशांतून आणि कर्जातून हायवा घेतला. बाहेरून पाहणाऱ्याला तिघांत तोच श्रीमंत वाटायचा. दोन वर्षांत मंदीचा एक फेरा आला, फेऱ्या कमी झाल्या, हप्ते मात्र होते तेवढेच राहिले. आज तो दुसऱ्याच्या हायवावर ड्रायव्हर आहे. आमच्या घरात खदानीला कोणी शिव्या देत नाही, कारण दोन घरं तिच्यावर जेवतात. भावाभावांत मात्र बोलणं नाही. आत्या आळीपाळीनं तिघांकडे राहते आणि कोणाकडेही दुसऱ्याचं नाव काढत नाही.

मी गेलो तेव्हा ती धाकट्याच्या घरी, फाटकापलीकडच्या ले-आऊटमध्ये होती. संध्याकाळी मला म्हणाली, ‘चाल बाप्पा, गच्चीवर चाल, तुले गाव दाखवतो.’ आमच्याकडे बायकाही ‘दाखवतो’च म्हणतात. मला वाटलं म्हातारपणी डोकं फिरलं. गच्चीवर कपडे वाळत होते, ते बाजूला सारून तिनं दूर बोट केलं. लांबवर एक सपाट माथ्याची टेकडी होती. या भागात टेकड्या नाहीत. जिथं दिसेल ती खदानीतून काढलेल्या मातीची, जिला कागदावर ओव्हरबर्डन आणि बोलताना ओबी म्हणतात.

‘ते पाय,’ ती म्हणाली. ‘लोक मनते, तुमचं गाव खदानीत खाली गेलं. खाली कुठं गेलं? वर गेलं. आपलं सारं वावर त्या टेकाडावर हाय.’

मी घरी आल्यावर बराच वेळ हाच विचार करत होतो, कारण बाई अगदी तंतोतंत बोलली होती. खदान उघडताना आधी निघते ती वरची काळी माती, कापूस-तुरीची. तिच्याखालचा मुरूम, पिवळा-तांबडा वालुकाश्म, आणि मग कोट्यवधी वर्षं दाबून राहिलेला कोळसा. काळी माती वेगळी राखून शेवटी वर पसरायची, असं नियम सांगतो. तसं झालं नाही तर आधी निघालेली माती ढिगाच्या तळाशी जाते आणि शेवटी निघालेला दगड माथ्यावर बसतो. गाव उलटं होतं. पेव उपसल्यावर तळाचा दाणा वर यावा तसं. आत्याच्या अंगणातली माती त्या टेकडीच्या पोटात कुठंतरी असेल, आणि माथ्यावर जे वेड्या बाभळीचं रान माजलंय ते अशा दगडात, ज्याला कधी कोणाचा नांगर लागलेला नाही.

‘तिथं आता वाघ राह्यते,’ आत्यानं माहिती पुरवली. हेही खरं आहे. ढिगाऱ्यांवरच्या झुडपांत रानडुकरं आली आणि त्यांच्या मागं वाघ. रात्रपाळीचे कामगार गाडीच्या उजेडात चमकलेले डोळे सांगतात. आत्याचं म्हणणं एवढंच की गावात माणसं होती तेव्हा वाघ आला असता तर लोकांनी बोंबलून हाकलला असता, आता हाकलायला कोण आहे.

तिच्या गल्लीत बारा घरं आहेत आणि ती चार वेगवेगळ्या उठलेल्या गावांची. मोठी गावं पुनर्वसनात एकत्र बसली. लहान गावांतले लोक पैसे घेऊन जिकडेतिकडे पांगले आणि त्यांतले पुष्कळ या ले-आऊटमध्ये आले. बायका ओट्यावर बसून ‘आमच्या गावाले’ असं म्हणून बोलायला लागतात. प्रत्येकीच्या गावची विहीर गोड होती. मी शंका घेतली नाही. शेजारच्या काकांनी आपल्या गावचा मारुती ट्रॅक्टरमध्ये घालून आणला आणि ओपन स्पेसमध्ये बसवला. पुढं दुसऱ्या गावच्या लोकांनी आपला आणला. त्या गवताच्या तुकड्यावर आता दोन मारुती आहेत, एकमेकांकडे पाठ करून. कारण प्रत्येकाला आपल्या जुन्या वेशीकडे तोंड हवं होतं.

पोळ्याला मात्र पंचाईत होते. बैल कोणाकडेच नाहीत. पहिल्या वर्षी धाकट्यानं हायवाला झूल घातली, स्टेअरिंगला हार घातला, पुढच्या चाकाला कुंकू लावलं. आत्यानं पुरणपोळीचा नैवेद्य बॉनेटवर ठेवला. सांगताना ती हसत होती आणि मीही हसलो. दुसऱ्या दिवशीच्या तान्ह्या पोळ्याला पोरं लाकडी नंदी घेऊन निघतात, तेवढा सण तसाच राहिला. मोठी माणसं त्या लाकडी बैलांपुढं उभी राहून झडत्या म्हणतात. ऐकणाऱ्याला वाटावं, मागं खरीच शंभर जोड्यांची रांग आहे.

वणी गावातली जुनी माणसं या ले-आऊटवाल्यांकडे थोडं वरून बघतात. जैताईच्या मंदिराच्या आसपास, रंगनाथस्वामींच्या बाजूला ज्यांचे वाडे आहेत, त्यांच्या बोलण्यात ‘खदानीचे पैसे’ हा शब्द एका विशिष्ट सुरात येतो. पैसा लवकर आला, लवकर जाईल, असा त्याचा अर्थ. जत्रा मैदानावर पूर्वी बैलबाजाराला पाय ठेवायला जागा नसायची, हेही ते सांगतात. पण त्याच वाड्यांचे खालचे मजले मोबाईलच्या दुकानांना आणि कपड्यांच्या शोरूमला दिलेत आणि त्यांचं भाडं फाटकापलीकडच्या गिऱ्हाइकावर निघतं. तेव्हा ‘आपण’ आणि ‘ते’ हा भेद मला तरी फारसा पटत नाही. वणीतली एक पिढी खदानीवर शिकली, पुण्याला गेली, आणि आता तिथून वणीच्या धुळीबद्दल लिहिते. मी यवतमाळला बसून तेच करतो आहे.

पुढं काय, हे बघायचं तर वर्धा ओलांडावी. पाटाळ्याचा पूल पार केला की पुढं वरोरा. (2022 च्या जुलैत हा पूलच पाण्याखाली होता आणि काठावरच्या गावांची बेटं झाली; ढिगाऱ्यांनी पाणी अडतं, असं तिथले शेतकरी म्हणतात.) या भागातली पहिली मोठी सरकारी कोळसा खाण वरोऱ्याला निघाली, तीही एकोणिसाव्या शतकात. वर्ध्याहून रेल्वे आली ती तिच्यासाठी. खालची जमीन खचली, आणि 1906 साली खाण बंद झाली. वरोरा संपलं नाही. पण आज कोणी वरोरा म्हटलं तर कोळसा आठवत नाही, बाबा आमट्यांचं आनंदवन आठवतं, आणि ते उभं राहिलं दुसऱ्याच कारणानं, दुसऱ्याच माणसांच्या हातांनी. वणीला कोळशानंतर काय, याचं उत्तर कोळशाच्या पैशातूनच आपोआप निघेल असं मानणाऱ्यांनी एकदा वरोऱ्याच्या जुन्या खाणीकडे चक्कर मारावी. चंद्रपूर वाढलं ते किल्ल्याच्या, कचेऱ्यांच्या, बाजारपेठेच्या जोरावरही. वणीच्या हातात सध्या कॉलेज आहे, कापसाचा बाजार आहे आणि रस्ता आहे. कॉलेजवर माझा जास्त भरवसा आहे.

2021 ची जनगणना झाली नाही. ती आता होते आहे, 1 मार्च 2027 च्या हिशेबानं. जनगणनेत एक प्रश्न असतो: याआधी कुठं राहत होता, आणि गाव का सोडलं. 2011 च्या फॉर्ममध्ये कारणांचे पर्याय होते ते असे: काम, व्यवसाय, शिक्षण, लग्न, जन्मानंतर, कुटुंबासोबत, आणि इतर. आत्यानं सातपैकी कुठला निवडावा? मी तिला हे वाचून दाखवलं. तिनं थोडा विचार केला आणि म्हणाली, ‘मी कुठं गाव सोडलं? गावानंच मले सोडलं.’

मोजणीला येणाऱ्या शिक्षकांना माझं सांगणं एवढंच: वणी मोजून झाली की फाटक ओलांडून पलीकडेही सावकाश फिरा, घाई करू नका. म्हातारी बोट करील तिकडे नकाशावर कुठलंच गाव नसेल. तरी तिनं सांगितलेलं नाव लिहून घ्या.